आई, तालमीच्या फुटबॉल संघाचे कपडे तू कशात भिजवायचीस?

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर

ती. बाबा आणि आई यांना
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बोलणं झालं, पण बाबा 'कितीनं जिंकलात?' एवढं विचारून फोन आईकडे देतात आणि आई जेवणावर येते. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगा.

तर मुलांचा फुटबॉल क्लब सुरू झाला. ३८ मुलं आहेत, त्यात १४ मुली. पगारी कोणीच नाही. आम्ही चार आया, दोन बाप आणि इक्वेडोरचे एक निवृत्त बस ड्रायव्हर आजोबा, एवढ्यांवर गाडा चाललाय.

खाज कुठून आली ते सांगते. धाकट्याला इथल्या एका क्लबनं निवड चाचणीत नापास केलं. आठ वर्षांचं पोर! घेतलं असतं तरी वर्षाला अडीच हजार डॉलर फी, ड्रेसचे वेगळे, टूर्नामेंटला जायचं तर हॉटेल आपल्या खर्चानं. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पेट्रोल पंपावर काम करणारे एक गृहस्थ राहतात. त्यांची मुलगी पार्किंगमध्ये आमच्या पोराला सहज गुंडाळते. त्यांना मी तो फीचा आकडा सांगितला, तर 'अच्छा' म्हणाले आणि तिला हाक मारून घरात घेऊन गेले. त्या रात्री मला आपल्या पेठेतल्या तालमीच्या वर्गणीची पावती पुस्तकं आठवत राहिली. आम्ही सीझनला साठ डॉलर घेतो, ज्याला जमत नाही त्याच्याकडून तेही नाही.

कागदपत्रांचं पुराण थोडक्यात. करमाफीच्या अर्जाची फी २७५ डॉलर, मग विमा, मग टाउनशिपकडून मैदानाचा परवाना. प्रत्येक कोचची पोलीस रेकॉर्ड तपासणी. त्यावर रटगर्स विद्यापीठानं आखलेला तीन तासांचा सुरक्षेचा वर्ग. तो केला की फुकट शिकवणाऱ्याला या राज्यात दाव्यांपासून कायद्याचं काही संरक्षण मिळतं. फुकट राबायलाही प्रमाणपत्र लागतं, बाबा, हसा.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना इथे हेड, म्हणजे डोक्यानं बॉल, मारायला बंदी आहे, सरावातसुद्धा. डोक्याला मार बसतो म्हणून पालकांनी कोर्टात दावा लावला होता, त्यानंतर २०१५ साली अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं हा नियम जाहीर केला. म्हणजे वळवाच्या पावसात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तुम्ही मारलेला तो हेड, जो दर वर्षी दोन फूट लांबून होत चाललाय, त्याला आमच्याकडे गोल नाही, उलट समोरच्यांना फ्री किक! सहा-सात वर्षांची पोरं चारास चार खेळतात, तीन नंबरच्या बॉलनं, आणि गोलकीपरच नसतो. पहिल्यांदा मलाही हा पोरखेळ वाटला. पण अकरास अकरा खेळवलं तर बॉल दोन दांडग्यांकडेच राहतो आणि बाकीचे गवत उपटत बसतात, हे दोन शनिवारांत कळलं.

मी स्वतः कधी खेळलेली नाही, हे इथे अजून कोणी विचारलेलं नाही. दादाला सायकलच्या दांडीवर बसवून मॅचला न्यायचात. मला एकदाच नेलंत, तेही दादाला ताप आला होता आणि तिकीट वाया जाऊ नये म्हणून. भांडत नाहीये. पण १४ मुली आहेत.

एप्रिलमध्ये आलात की तुम्हाला कार्नी गावाला नेणार, इथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तिथे दोऱ्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्या स्कॉटिश लोकांनी फुटबॉल रुजवला. १८८५ साली पहिला अमेरिकन कप जिंकला तो ओ.एन.टी. संघानं. 'आमचा नवा दोरा', म्हणजे रिळावरचंच नाव! १९९० च्या विश्वचषकातले अमेरिकेचे तिघं जण, हार्क्स, रामोस आणि मिओला, याच भागात वाढले. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला तेव्हा तुम्ही दिवसभर सगळ्यांना फोन करत होतात, तशी माणसं तिथे भेटतील. आणि मैदानावर रेषा मारायला तुम्ही हवे आहात. इथे फक्की नाही, स्प्रेचा रंग असतो. आमच्या पेनल्टी बॉक्सला चार कोपरे आहेत, पण काटकोन एकही नाही. फक्त पंचांना बाहेरून शिकवायचं नाही, इथे बाहेर काढतात.

आई, आता तुझं काम. खर्च वाचावा म्हणून ड्रेस क्लबच्या मालकीचे ठेवले, सीझन संपला की परत घ्यायचे. घरोघर धुतले तर निम्मे हरवतात, म्हणून मॅच झाली की गोळा करतो. शिट्टी वाजवायला पाच जणांनी नावं दिली. धुणं न्यायला कोणी पुढे येईना. त्यामुळे शनिवारी रात्री माझ्या घरी ३८ जर्सी, ३८ चड्ड्या आणि मोज्यांचा ढीग. इथली माती तांबूस आहे, पांढऱ्या मोज्यांवरून हलत नाही. परवा रात्री एक वाजता मशीनसमोर बसले होते, तेव्हा आपल्या न्हाणीघरातल्या त्या दोन बादल्या डोळ्यांपुढे आल्या. मॅचच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला आंघोळीला बादली मिळायची नाही आणि मी तुझ्यावर चिडायची. तालमीतल्या फोटोत चहाचा पोऱ्यासुद्धा उभा आहे, आई. तू कुठे होतीस तेव्हा?

बाबा, तुम्हीच सांगा तिला कुठे होती ते.

येताना कांदा-लसूण चटणी आणा, बाकी काही नको. गुडघ्याचा पट्टा विसरू नका.

तुमची
धाकटी

ता. क. आई, डाग कशानं काढायचीस ते फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव, भिंतीला लावायचंय. आणि मोजे उलटे करून भिजवायचे की सुलटे?