माश्या चेचीकडे सोपवून येतेय

पाषाण, पुणे
रविवार, रात्री

प्रिय सुमे,

तुझ्या हळदीला मी आले नाही, त्याला आता अडीच वर्षं झाली. तू कधी खोदून विचारलं नाहीस आणि मीही ‘लॅबमध्ये काम होतं’ एवढंच सांगून गप्प बसले. आज सगळं लिहिते.

माझं काम फळमाशीवर आहे, हे तुला ठाऊक आहेच. क्रॉस लावायला, म्हणजे ठरवलेल्या नर-मादीची जोडी जुळवायला, अजून नराशी संबंध न आलेल्या माद्या लागतात. कोशातून बाहेर पडल्यावर 25 अंशांना जेमतेम आठ तास मिळतात. तेवढ्यात मादी वेगळी काढली नाही, तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून सकाळी सातला लॅब, दुपारी लॅब, रात्री अकराला पुन्हा लॅब. तुझ्या हळदीच्या दिवशी नेमक्या माझ्या माद्या निघायच्या होत्या. दोन दिवस कुणाला बघायला सांगितलं असतं, तर भागलं असतं. मला विचारायची लाज वाटली, सुमे. कराडला आपण एकमेकींची जर्नलं पूर्ण करायचो, तेव्हा असलं काही मनात यायचं नाही. इथे सगळे हुशार, फाडफाड इंग्रजी बोलणारे. मदत मागितली की ‘हिला झेपत नाही’ असं म्हणतील, हीच धास्ती.

मग एका रात्री मायक्रोस्कोपखाली माद्या वेचताना हात थरथरायला लागले. दोन दिवस धड जेवले नव्हते. शेजारी आमची केरळची सीनियर बसली होती. तिला सगळे चेची म्हणतात, म्हणजे मल्याळममध्ये ताई. तिने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला, उरलेल्या माद्या स्वतः वेचल्या आणि माश्यांच्या छोट्या बाटल्या, व्हायली, उचलून 18 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. थंडीत माशी संथ होते, आठ तासांची मुदत दुपटीवर जाते. म्हणजे रात्री झोपता येतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण रात्री न येणं म्हणजे कामचुकारपणा, असं मीच ठरवून बसले होते. चेची एवढंच म्हणाली, “सकाळी ये. आधी जेव.”

दुसऱ्या दिवशी तिने फ्लाय रूमच्या, म्हणजे आमच्या माश्यांच्या खोलीच्या, दारावर एक कागद चिकटवला : कोण कधी गावाला जाणार आणि त्याच्या माश्या कोण बघणार. तो कागद अजून आहे, फक्त महिन्याला बदलतो. वेळेचं नियोजन करायला मी किती वह्या भरल्या होत्या! त्यातलं काही टिकलं नाही, हा कागद टिकला. कारण एकटीने तोल सांभाळायचा म्हटलं तर माशीच्या घड्याळापुढे कुणाचंच चालत नाही. समुपदेशकांकडेही मी चार वेळा गेले, त्याचा खूप उपयोग झाला. ते तुला मुद्दाम सांगतेय, कारण घरी अजून सांगितलेलं नाही.

मध्यंतरी फेलोशिप चार महिने रखडली, तेव्हा मेसचे पैसे आम्ही एकमेकांत फिरवले. गणपतीत होस्टेलच्या पॅन्ट्रीत एका शेगडीवर अवियल होतं, दुसरीवर माझे उकडीचे मोदक. कळ्या फुटल्या, पण सारण गोड होतं, संपले सगळे. गुरुवारी सकाळी आम्ही चौघं बाणेर-पाषाण टेकडी चढतो. त्या तासात प्रयोगाचं नाव काढायचं नाही, हा नियम.

फळमाशीवरच्या कामासाठी थॉमस हंट मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञांना 1933 साली नोबेल मिळालं. बक्षिसाची रक्कम त्यांनी स्वतःच्या मुलांसोबत ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट या सहकाऱ्यांच्या मुलांतही वाटली. त्यांच्या फ्लाय रूममध्ये एकत्र बसून काम केलेली ही माणसं. हे कळलं तेव्हा मला त्यांच्या शोधांइतकाच याचा आनंद झाला.

अजूनही वाईट आठवडे येतात. गेल्या महिन्यात सहा महिन्यांचा डेटा टाकून द्यावा लागला. रडले. पण जिन्यात एकटी बसून नाही.

आता ऐक. बाळाच्या बारशाला मी शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीने येतेय, सोमवारी सकाळी परत. तीन दिवस माझ्या माश्या चेचीकडे आहेत, कागदावर तसं लिहून झालंय. पाळण्याची दोरी मात्र माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी,
मनू