हवालदारकाका, घंटा झाली म्हणून राहून गेलं ते

आदरणीय हवालदारकाका,

सा. न.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला गेलेले भारतीय जवान म्हणून तुम्ही आमच्या उदगीरच्या कनिष्ठ महाविद्यालयात बोलायला आलात, तेव्हा घंटा झाली आणि आभार घाईत उरकले. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे जाहीर पत्र.

मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. दक्षिण सुदान माझ्या तासाला चार ओळींत संपायचा. २०११ला स्वातंत्र्य, डिसेंबर २०१३ला राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष रीक माचार यांच्यात फाटलं आणि यादवी पेटली, २०१५चा शांतता करार जुलै २०१६मध्ये राजधानी जुबातल्या लढाईत मोडला, सप्टेंबर २०१८ला नवा करार झाला. पूर्णविराम.

तो पूर्णविराम तुम्ही खोडलात. "बाई, सही म्हणजे मोजणी. मोजणीवाला खुणा रोवून जातो, पण नांगर त्याच दोन भावांच्या हातात असतो ना!" बांधाची भांडणं घरात बघितलेली पोरं एकदम सावरून बसली. मग पुढचं त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. दोन्हीकडच्या फौजा एक करायच्या ठरल्या, पण एकत्रित फौजेची पहिली तुकडी तयार व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडलं. निवडणूक डिसेंबर २०२४वरून डिसेंबर २०२६वर ढकलली. आणि मार्च २०२५मध्ये माचारच नजरकैदेत गेले, ज्यांना या कराराने प्रथम उपराष्ट्राध्यक्षपद दिलं होतं!

"मग तुम्ही जाऊन काय उपयोग?" असं पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, तेव्हा मीच कावरीबावरी झाले. तुम्ही रागावला नाहीत. "करार पाळायला लावणं आमच्या हातात नव्हतं, पोरी. जीव मुठीत घेऊन आमच्या तळावर आलेल्यांच्या आणि बंदुकीच्या मधे उभं राहणं होतं." मग डिसेंबर २०१३मधलं, तिथल्या अकोबो गावातलं सांगितलंत. तळावर आसऱ्याला आलेल्यांना वाचवताना आपले दोन जवान गेले. तिथं तुमचा आवाज बसला. वर्गात कोणी हललं नाही. असं उत्तर मला कोणत्याही पुस्तकातून देता आलं नसतं, काका.

तिथल्या मलकाल शहरातल्या, जनावरांवरच्या उपचारांच्या शिबिरातल्या गोष्टी तर पोरांनी घरोघरी नेल्या. निम्म्या घरांत देवणी गाय आहे, त्यामुळे गुरांवर जीव टाकणारा तिथला गुराखी त्यांना परका वाटलाच नाही.

दिवाळीनंतर बारावीच्या दुसऱ्या तुकडीसाठी परत याल का? पाय मोडलेली गाय घेऊन आलेल्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट घंटेमुळे अर्धीच राहिली. ती गाय उभी राहिली का, असं पोरं मला रोज विचारतात.

आपली,
उदगीरची एक शिक्षिका