जहाजावर असलेल्या मुलास पत्र

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालास की जहाजावर प्रार्थनेला बसावे अशी एकही शांत जागा नाही. इंजिनाची घरघर रात्रंदिवस चालू, तुझ्या स्वयंपाकघरात, गॅलीत, पंखा आणि भांडी, आणि केबिनमध्ये आलास की सोबत्याचा मोबाइल. मालवणला आल्यावरच आता मन स्थिर होईल, असेही तू म्हणालास. त्याविषयी फोनवर नीट बोलता आले नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे.

मालवण तुला आठवते तितके शांत नाही. पहाटे मासळीचा लिलाव सुरू झाला की शेजारच्या घरातले बोलणेही ऐकू येत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ट्रॉलरची इंजिने थांबतात खरी, पण त्याच दोन महिन्यांत समुद्र असा गर्जतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. तेव्हा आवाज थांबण्याची वाट पाहू नकोस. बायबलमधल्या ज्या 46 व्या स्तोत्रात ‘शांत व्हा आणि लक्षात ठेवा की मीच देव आहे’ असे म्हटले आहे, ते पुन्हा उघडून पाहा. त्याच्या आरंभी समुद्राचे पाणी गर्जते आहे, फेसाळते आहे आणि त्याच्या उसळण्याने डोंगर थरथरत आहेत. शांत होण्याची ती आज्ञा अशा कल्लोळातच दिलेली आहे.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुला लहानपणापासून ठाऊक आहे. होरेब डोंगरावर प्रचंड वारा सुटला, मग भूकंप झाला, मग अग्नी आला. परमेश्वर त्यांपैकी कशातही नव्हता, आणि त्यानंतर शांत, मंद वाणी ऐकू आली. प्रवचनात आपण बहुधा एवढेच ऐकतो. मला मात्र त्या अध्यायाचा आरंभ अधिक महत्त्वाचा वाटतो. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला तो संदेष्टा रानात एका झुडपाखाली मरण मागून झोपी जातो, आणि देवदूत त्याला जागे करून उपदेश करीत नाही, तर निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो, आणि मग कुठे होरेबचा प्रवास सुरू होतो. ती वाणी ऐकू येण्याआधी कोणीतरी स्वयंपाक केला होता, हे तुझ्यासारख्या स्वयंपाक्याने विसरू नये. म्हणून ज्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत उभे राहून तुझे पाय भरून आले असतील, त्या दिवशी क्रुसाची खूण करून सरळ झोप. प्रभू येशूदेखील वादळात नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता.

आणखी एक गोष्ट पाहा. त्या मंद वाणीने एलीयाचे सांत्वन केले नाही. ‘तू येथे काय करतोस?’ असे विचारले आणि पुढचे काम सांगून त्याला परत पाठवले. हल्ली मोबाइलवर मनःशांतीसाठी जे ध्यानाचे कार्यक्रम मिळतात, त्यांना मी वाईट म्हणत नाही, ताण हलका होत असेल तर होऊ दे. पण आपली शांतता ही कोणाच्या तरी समोर बसण्याची आहे, आणि ज्याच्या समोर बसतो तो प्रश्न विचारू शकतो. म्हणूनच ती कधीकधी नकोशी वाटते.

पॅरिसमधल्या कार्मेलाइट संन्याशांच्या मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. आधी सैनिक होते, पाय अधू होता, आणि मठात त्यांच्या वाट्याला अनेक वर्षे स्वयंपाकघर आले, जे काम त्यांना मुळीच आवडत नव्हते. तरीही गुडघे टेकून असताना देव जितका जवळ वाटतो तितकाच तो भांड्यांच्या गोंगाटातही जवळ आहे, असे ते सांगत. त्यांचेही मन भरकटत असे. भरकटले हे लक्षात आले की मनाला न रागावता हळूच परत आणावे, हीच त्यांची रीत होती. तुलाही यापेक्षा वेगळे काही करायचे नाही. रात्रीचे जेवण आटोपून गॅली पुसून झाली की मोबाइल हातात घेण्यापूर्वी दहा मिनिटे बस. स्तोत्रातली एक ओळ मनात धर. घरची, पगाराची, उद्याच्या भाजीची आठवण येईल, ती आली की पुन्हा त्या ओळीकडे ये. दहा मिनिटांत वीस वेळा परत यावे लागले तर वीस वेळा ये, ते बसणे वाया गेले असे समजू नकोस. मध्येच कोणी हाक मारली तर ऊठ आणि जा. प्रभू पहाटे एकांतात प्रार्थना करीत असता त्याचा शिष्य शिमोन त्याला शोधत आला आणि ‘सर्व लोक तुमचा शोध करीत आहेत’ म्हणाला, तेव्हा प्रभूही उठून कामाला गेला होता.

खरे तर ही सवय आपल्याला चर्चमध्येच लागायला हवी होती. मिस्सेच्या उपासनेत प्रवचनानंतर आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, स्वीकारल्यावर थोडा वेळ शांत राहावे अशी चर्चची रीत आहे; पण तेवढ्यात कोणीतरी गाणे सुरू करतो, नाहीतर माइकवर सूचना. घरचा संध्याकाळचा तेर्सही, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आपण भात करपेल या घाईनेच म्हणत आलो. असो.

बसल्यावर काही जाणवले की नाही, याचा हिशेब ठेवू नकोस. त्याऐवजी जेवण वाढणाऱ्या मेसमनकडून ताट पडले तर तुझ्या तोंडून काय बाहेर पडते, तेवढे पाहत जा. आणि रागाने गप्प बसण्याला स्थिरता समजू नकोस. त्या बाबतीत तू तुझ्या पप्पांवर गेला आहेस.

इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणारे जुने साधूसुद्धा आपल्या मनातले विचार एखाद्या वडीलधाऱ्या साधूला सांगत असत, कारण एकट्याच्या शांततेत मनुष्य स्वतःला सहज फसवतो. पुष्कळ बंदरांत खलाशांसाठी स्टेला मारिसचे लोक काम करतात. 1920 साली ग्लासगोत सुरू झालेली ही आपल्या चर्चचीच सेवा आहे. पुढच्या बंदरात त्यांच्यापैकी कोणी जहाजावर आले तर नुसते सिमकार्ड मागून परतू नकोस, फादर भेटतील का ते विचार. तुमच्या चीफ कुककडे जपमाळ आहे असे तू म्हणाला होतास, त्यालाही बरोबर ने.

तुझी,
आई