मेलेलं पिल्लू लगेच पुरू नका

संपादक महोदय,

घरगुती कोंबडीपालनावर छापून येणाऱ्या लेखांत नफ्याचा हिशेब हमखास असतो. नवी आणलेली पिल्लं पहिल्याच आठवड्यात पटापट का मरतात, हे मात्र क्वचितच वाचायला मिळतं. मीही असा हिशेब वाचूनच एक दिवसाची पन्नास पिल्लं आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात एकावर एक चढलेली अकरा मेलेली सापडली. साथच आली म्हणून मी पाण्यात प्रतिजैविक कालवलं. त्या रात्री आणखी सात गेली.

पशुवैद्यकांनी औषधाचं नावसुद्धा काढलं नाही. एक जिवंत पिल्लू उचलून त्याचे पाय माझ्या गालाला लावले. गार! बल्बशेजारी टांगलेला तापमापक ३३ अंश दाखवत होता, तोच खाली भुशावर ठेवला तर २५. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३२ ते ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायची. खरं तर पिल्लंच सांगत असतात. थंडी वाजली की दिव्याखाली गोळा होऊन कलकलाट करतात, उकडलं की कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकतात. माझी गोळा झालेली पाहून ‘किती गोड झोपलीत’ म्हणून मी फोटो काढले होते.

त्यांचा पुढचा प्रश्न होता, ‘कितव्या दिवशी मेली?’ पोटात उरलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढतं. त्यामुळे ज्याला खाद्य-पाणी सापडलंच नाही, ते तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास जातं. रात्री गळ्याखालची अन्नपिशवी चाचपावी: मऊ भरलेली असेल तर ठीक, कडक लागली तर खाल्लंय पण पाणी प्यायलेलं नाही. नाभी ओली, पोट फुगलेलं आणि दुर्गंधी असेल तर जंतुसंसर्ग. त्याचं मूळ बहुधा उबवणीतल्या अस्वच्छतेत असतं. पांढरी हगवण पुलोरम या जिवाणूजन्य रोगाची असू शकते, ती कोंबडीकडून अंड्यातूनच येते. रक्ती हगवण सहसा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसते. तिसऱ्या दिवसाच्या मरीचं खापर तिच्यावर फोडण्यात अर्थ नाही. बुरशी आलेल्या भुशानंही पिल्लांना धाप लागते, तिथे प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही.

यातलं नक्की काय, ते शवविच्छेदनातच कळतं. त्यासाठी नुकतंच मेलेलं पिल्लू हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधावं, बर्फावर ठेवून त्याच दिवशी तपासणीला न्यावं. फ्रीझरमध्ये गोठवू नये, गोठलं की आतले अवयव नीट तपासता येत नाहीत. आपण हा मजकूर नफ्याच्या तक्त्याशेजारी चौकटीत छापावा, ही विनंती. पशुवैद्यकांनी मेलेली पिल्लं मागितली, तेव्हा मी अठराच्या अठरा पुरून मोकळा झालो होतो.

– एक वाचक