मावशीला एकटीला विचारा

मा. ज्येष्ठ नागरिक सबलीकरण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

महोदया, सप्रेम नमस्कार.

माझी मावशी बेळगावातल्या वडगावची. हातमागावर साड्या विणण्यात तिची हयात गेली. मूलबाळ नाही, आम्ही भाचरं पुण्या-गोव्याकडं पांगलेली. पडून मांडीचं हाड मोडलं तेव्हा सगळ्यांनी वर्गणी काढून तिला शहराबाहेरच्या एका खासगी वृद्धाश्रमात ठेवलं. पैसे दर महिन्याला एक तारखेला जात होते. दसऱ्याला भेटायला गेलो, तर माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, हे दवाखान्यातली आयासुद्धा सांगते. इथं रात्री 22 जणांमागं एकच मुलगी, तीही दिवसा स्वयंपाकघरात राबणारी. तिला दोष देत नाही मी.

लेखी तक्रार दिली. दीड महिन्यानं चौकशी झाली. साहेब येणार हे आश्रमाला आदल्या दिवशीच ठाऊक होतं. चादरी बदलल्या, मावशीची वेणी घातली. आश्रमाचे चालक उशाशी उभे. साहेबांनी कन्नडमधून विचारलं, चालकांनीच ते मराठीत सांगितलं, मावशी म्हणाली, "बरं हाय की." झाली चौकशी. पाठ कुणी उघडून बघितली नाही. रहिवासी समाधानी, तक्रार निकाली.

"बरं हाय की" हे आमच्याकडं 103 ताप असलेला माणूसही म्हणतो. त्यातून ज्याच्या हातून उद्याचा चहा मिळायचा, तो समोर उभा असताना तिनं दुसरं काय म्हणायचं? नंतर मला म्हणाली, "तू जाशील रे उठून. मला इथंच रातीला झोपायचं हाय."

2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा मी आता वाचला आहे. पोटची पोरं सांभाळत नसतील तर न्यायाधिकरणाकडं जाता येतं, तिथं नोटिशीपासून 90 दिवसांत निकालाची अपेक्षा आहे. पण पैसे घेऊन सांभाळायचं कबूल करणाऱ्यानं हयगय केली तर? खासगी आश्रमांची नोंदणी आणि किमान निकष आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. तरी कलम 19 आहेच. वृद्धाश्रमांचं व्यवस्थापन कसं असावं, सेवेचे निकष काय असावेत, याची योजना ठरवण्याचा अधिकार त्यात राज्य सरकारला दिलेला आहे. म्हणजे यासाठी दिल्लीकडं डोळे लावून बसायला नको.

त्या योजनेत चौकशी कशी करायची ते लिहा, एवढंच मागणं आहे. न कळवता जावं, जमल्यास रात्री. सोबत नर्स असावी, तिनं पाठ, टाचा, वजन बघावं आणि कुशी बदलल्याची वही मागावी. वहीतल्या सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं लिहिलेल्या असल्या तर ते कळतं हो. माणसाशी एकांतात, त्याच्या भाषेत बोलावं. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. मग चौकशीत उत्तर द्यायला दुभाषा म्हणून आश्रमाचा चालकच का? निवडणुकीत सगळ्या पक्षांची माणसं आमच्या दारात मराठीतच बोलतात. हा सीमावादाचा मुद्दा नव्हे. पुण्याच्या आश्रमातल्या कन्नड अज्जीलाही हेच मिळायला हवं.

मावशीला आम्ही घरी आणलं आहे. जखम भरत आली. तिच्या शेजारच्या खाटेवरची निपाणीकडची आजी मात्र अजून तिथंच आहे, तिचं कुणी येत नाही. माणूस पाठवलात तर आधी तिच्याशी बोलायला सांगा, चालकांना बाहेर थांबवून.

आपला,
एक भाचा, बेळगाव