फाइल सिस्टीमच्या कॉम्प्रेशनची चाचणी लिहून देणाऱ्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

आमच्या संग्रहातील डिस्क इमेजेस (संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत असलेल्या फाइली) वाचताना मधूनच शून्ये का येतात, हे आपण कसलीही ओळखदेख नसताना शोधून दिलेत, त्याबद्दल हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपल्याला प्रसिद्धी रुचत नाही, म्हणून नाव लिहिलेले नाही.

लक्षण मोठे चमत्कारिक होते. फाइलला कोणी हात लावलेला नसतानाही ती दोनदा वाचली की दोन वेगळे चेकसम (डेटा बदलला का हे ओळखण्यासाठी त्यावरून काढलेला आकडा) येत आणि आमच्या बीटीआरएफएस या लिनक्सवरील फाइल सिस्टीमचे स्क्रब (डिस्कवरचा सारा डेटा चेकसमशी ताडून पाहणारी तपासणी) मात्र सारे ठीक असल्याचे सांगे. फाइल सिस्टीम स्वतःचा चेकसम डिस्कवरच्या कॉम्प्रेस झालेल्या, म्हणजे आकसून ठेवलेल्या, बाइट्सवर काढते. त्यामुळे ते बाइट्स शाबूत असले आणि चूक पुढे डेटा उलगडून मेमरीत भरताना झाली, तर स्क्रबला तिचा पत्ता लागूच शकत नाही, हे आपण पहिल्याच उत्तरात समजावलेत. डिस्कवरचा मूळ डेटा सुरक्षित आहे, हे त्यामुळे कळले आणि आमच्या जिवात जीव आला.

बीटीआरएफएस डेटा जास्तीत जास्त १२८ केबीच्या तुकड्यांत कॉम्प्रेस करते. अशा तुकड्याच्या मध्यभागी जागा वाचवण्यासाठी होल पाडले, म्हणजे फाइलचा तेवढा भाग रिकामा करून टाकला, की त्याच एका कॉम्प्रेस्ड एक्स्टेंटकडे (डिस्कवर सलग साठवलेल्या तुकड्याकडे) फाइलमधून दोन संदर्भ जातात. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, हे दोन्ही संदर्भ एकाच वाचन-विनंतीत जोडत असे, पहिल्याची मेमरीतली पाने नीट भरत असे आणि दुसऱ्याच्या जागी शून्ये ठेवत असे. या जातीच्या बगची दुरुस्ती २०१५ मध्ये झाली होती. पण संदर्भ एक्स्टेंटच्या सुरुवातीपासून नसून मधूनच सुरू होत असेल तर काय, ही शक्यता तेव्हा सुटली होती आणि ती २०१९ मध्ये बुजवली गेली. आमच्या पुरवठादाराने दिलेल्या जुन्या कर्नलमध्ये ही २०१९ ची दुरुस्ती आलेलीच नव्हती.

एवढे सांगून आपण थांबला असतात, तरी आम्ही ऋणी राहिलो असतो. आपण मात्र एफएसटेस्ट्स या फाइल सिस्टीम तपासणाऱ्या चाचणी-संचाच्या पद्धतीने एक छोटी चाचणी लिहून पाठवलीत आणि तिच्यातील प्रत्येक ओळीचे कारणही सांगितलेत. फाइलमधला प्रत्येक चार केबीचा भाग एकाच बाइटने भरायचा, म्हणजे तो हमखास कॉम्प्रेस होतो. पण शेजारच्या भागाचा बाइट वेगळा ठेवायचा, म्हणजे कोणता भाग बिघडला ते ओळखता येते. तो बाइट शून्य तर कधीच नसावा, कारण बगही शून्येच दाखवतो आणि मग चाचणी बिनबोभाट उत्तीर्ण होते. होल पाडल्यावर फाइल सिस्टीम अनमाउंट करून पुन्हा माउंट करायची, म्हणजे सोडवून परत जोडायची. नाहीतर वाचन पेज कॅशमधूनच, म्हणजे मेमरीत आधीच असलेल्या प्रतीतूनच, होते आणि बिघडलेला मार्ग तपासलाच जात नाही. शेवटी वाचलेल्या बाइट्सची आधीच लिहून ठेवलेल्या अपेक्षित आउटपुटशी ओळ न ओळ तुलना करायची. एवढी काळजी घेऊन लिहिलेली चाचणी मी क्वचितच पाहिली आहे.

ही चाचणी बिघडलेल्या कर्नलवर अयशस्वी झालीच पाहिजे आणि तसे होईपर्यंत तिच्यावर विसंबू नका, हा आपला आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याप्रमाणे आम्ही ती आधी जुन्या कर्नलवर चालवली. होलच्या पुढच्या भागात आमच्या बाइटऐवजी शून्यांची रांगच्या रांग दिसली. तेच आउटपुट पुरवठादाराला पाठवल्यावर वादाला जागा उरली नाही. दुरुस्ती लावलेले कर्नल त्यांनी दिले आणि त्यावर चाचणी उत्तीर्ण झाली. आता कोणतेही नवे कर्नल संग्रहाच्या यंत्रांवर चढवण्यापूर्वी आम्ही एफएसटेस्ट्समधला कॉम्प्रेशनचा गट आणि आपली चाचणी झेडलिब, एलझेडओ आणि झेडस्टँडर्ड या कॉम्प्रेशनच्या तिन्ही पद्धतींवर चालवतो.

आपण चाचणीच्या डोक्यावर लिहिलेली टीप, बग नेमका कधी घडतो हे सांगणारी, आम्ही जशीच्या तशी ठेवली आहे. संग्रहात नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना आम्ही प्रथम तीच वाचायला देतो.

आपला कृतज्ञ,
संग्रहाचा सर्व्हर सांभाळणारा एक तंत्रज्ञ