भरतीच्या वेळी बेटावर नेणारी सहल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: एक दिवसाच्या शहर दर्शन सहलीचे चुकीचे वेळापत्रक आणि रकमेच्या परताव्याबाबत

महोदय,

गेल्या रविवारी मी, माझे पती, 9 वर्षांची मुलगी आणि 72 वर्षांची आई असे चौघे आपल्या कंपनीच्या शहर दर्शन सहलीला आलो होतो. आपल्या पत्रकात दिवस असा छापला होता: 9 वाजता किल्ला, साडेअकराला वस्तुसंग्रहालय, साडेतीनला पायवाटेने बेटावरचे दीपगृह आणि संध्याकाळी किनाऱ्यावर सूर्यास्त. आम्ही आरक्षण केले ते दीपगृहासाठी. आईच्या शाळेच्या पुस्तकात दीपगृहाचे चित्र होते, ते ती अजून रंगांसकट वर्णन करून सांगते. दिव्याभोवतीची काचेची कडी एवढ्याशा उजेडाचा झोत करून कित्येक किलोमीटर लांब कशी पाठवतात, हे तिला एकदा जवळून पाहायचे होते.

ते दीपगृह आम्ही काठावरूनच पाहिले. साडेतीनला बस थांबली तेव्हा बेटाकडे जाणारी वाट पाण्याखाली होती. मार्गदर्शक म्हणाले, "आज भरती जरा जास्तच आहे." पण तिथेच, वाटेच्या तोंडाशी, त्या महिन्याच्या भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक लावलेला आहे. त्या दिवशीची ओहोटी सकाळी 9 वाजून 50 मिनिटांनी होती आणि भरती दुपारी 4 वाजून 2 मिनिटांनी. ओहोटीच्या आधी आणि नंतर दीड-दीड तासच वाट उघडी असते, असेही त्यावर लिहिले आहे. फलकाचा फोटो सोबत जोडला आहे. म्हणजे भर भरतीच्या अर्धा तास आधी आपण 31 प्रवाशांना तिथे नेऊन उभे केले.

ही एका दिवसाची चूक असती तर मी कदाचित पत्र लिहिले नसते. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज ज्या वेळी ओहोटी असते, त्याच सुमारास ती पुन्हा यायला जवळजवळ पंधरवडा जातो. आपले पत्रक मात्र वर्षभर साडेतीनच सांगते. त्यामुळे बहुतेक दिवशी आपल्या प्रवाशांना ती वाट पूर्ण मोकळी मिळत नसणार. त्यातच आदल्या दिवशी पौर्णिमा झालेली, म्हणजे समुद्राला उधाण. अशा वेळी पाणी नेहमीपेक्षा जास्त चढते, आणि वाट अर्धी दिसते आहे म्हणून कोणी पुढे गेले तर परतताना अडकू शकते. आमच्या गटातले दोन तरुण बूट हातात घेऊन निघालेच होते. त्यांना मार्गदर्शकांनी अडवले नाही, तिथल्या एका मच्छीमाराने हाका मारून मागे बोलावले. या प्रसंगाची आपण स्वतंत्र चौकशी करावी.

आता किल्ल्याविषयी. तिथे 9 वाजता पोहोचायचे होते. आधी वेगवेगळ्या ठिकाणचे प्रवासी घेण्यात वेळ गेला, मग पत्रकात कुठेही उल्लेख नसलेल्या एका दुकानात बस 1 तास 20 मिनिटे थांबली. कोणी काही घेवो न घेवो, बस हलणार नाही असे आम्हाला सांगण्यात आले. किल्ल्याच्या पायऱ्यांशी पोहोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. तटावर सावली नाही, दगड हाताला चटका देत होते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा अतिनील किरण तीव्र असतात. त्या वेळी आमच्या सावल्या पायाखाली गोळा झाल्या होत्या. समुद्रावरून वारा येत असल्यामुळे ऊन लागते आहे हे कळतही नव्हते. वाऱ्याने त्वचा गार वाटते, पण अतिनील किरण वाऱ्याने कमी होत नाहीत. मुलीला मी सकाळी सनस्क्रीन लावले होते. दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते, आणि ती पिशवी मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून बसमध्ये राहिली होती. ही चूक माझीही आहे. तिचे खांदे रात्री लालबुंद झाले.

आईला तिसऱ्या बुरुजापाशी चक्कर आली. माणशी दोन बाटल्या पाणी देण्याचे आपण कबूल केले होते. मिळाली एक, तीही दुकानाच्या थांब्यावरच संपली होती. मार्गदर्शक बाकीच्यांना घेऊन पुढे गेले. आईला खाली आणले ते आपल्या बसच्या चालकांनी. त्यांनी तिला झाडाखाली बसवले, स्वतःच्या डब्याशेजारची पाण्याची बाटली दिली, मानेवर ओला रुमाल ठेवला आणि ती नीट बोलू लागेपर्यंत जवळ बसून राहिले. त्यांचे आभार आपण त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवावेत. बस उशिरा सुटली म्हणून त्यांच्यावर ठपका ठेवू नये.

वस्तुसंग्रहालय उशीर झाल्यामुळे वगळले. सूर्यास्ताच्या 20 मिनिटे आधी आम्हाला बसमध्ये बसवले.

त्याच रविवारी सकाळी साडेआठला बेटावर जाता आले असते, वाट नुकतीच उघडलेली असती. दुपारचे ऊन वस्तुसंग्रहालयात टळले असते आणि किल्ला साडेचारनंतर, उन्हे कलल्यावर आरामात झाला असता. ठिकाणे तीच, बस तीच. भरती-ओहोटीचे तक्ते कितीतरी आधी प्रसिद्ध होतात, आरक्षण घेताना ते कोणीतरी उघडून पाहायला हवे होते.

माझ्या मागण्या अशा: चारही तिकिटांची अर्धी रक्कम परत मिळावी, कारण चारपैकी दोन ठिकाणे पाहताच आली नाहीत आणि सूर्यास्तही अर्धवट राहिला. बेटाची वेळ यापुढे त्या त्या तारखेच्या ओहोटीप्रमाणे ठरवून तिकिटावर छापावी. दुकानाचा थांबा असेल तर तो पत्रकात आधी लिहावा आणि ज्यांना उतरायचे नाही त्यांना तसे सांगण्याची मुभा असावी. लेखी उत्तर 15 दिवसांत अपेक्षित आहे.

आई आता बरी आहे. पुढच्या महिन्यात ओहोटी पाहून आम्ही तिला स्वतःच दीपगृहावर घेऊन जाणार आहोत.

आपली विश्वासू,
(नाव, आरक्षण क्रमांक आणि संपर्क सोबतच्या पावतीवर आहेत.)

सोबत: तिकिटांची पावती, छापील पत्रक, फलकाचा फोटो